बूड टेकवण्याचं इंजिनिअरिंग

गेले दोन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही, कारण चिपळूणला मामाकडे होतो. तिथे काय दिवे लावले? तर एका गादीत हवा भरली. हसू नका. आजवरच्या नोकरीतलं कुठलंही डिप्लॉयमेंट करताना हात इतके थरथरले नव्हते.

सुरुवातीपासून सांगतो (दादाला विचारूनच लिहितोय). माझा मामेभाऊ गेल्या वर्षी मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला. मणक्याला मार लागला आणि कमरेखालची संवेदना गेली. व्हीलचेअर आणायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घरातला इंजिनिअर मीच ना! डिग्री मेकॅनिकलची आणि पोटापाण्याला जावा, हे मामाला कोण समजावणार. पुण्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानात गेलो, घडीची स्टीलची खुर्ची घेतली आणि सोबत मधे भोक असलेली रबरी एअर रिंग. लॉजिक एकदम पटलं. हाड टेकतं तिथे भोक, म्हणजे दाब शून्य! वीस मिनिटांत खरेदी आटोपली आणि मी मिसळ खायला गेलो.

तीन आठवड्यांनी वहिनीने फोटो पाठवला. आधी लाल डाग, मग जखम. दादाला काही कळलंच नव्हतं. कळणार कसं? तुम्ही-आम्ही मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी चुळबुळ करतो ना, ती उगाच नसते. बसल्यावर शरीराचा बराचसा भार ढुंगणाच्या दोन हाडांवर येतो. तिथे कळ आली की आपण नकळत सरकतो. दादाचा तो अलार्मच बंद आहे. पुढचे चार महिने तो पालथा पडून होता.

त्या चार महिन्यांत मी अपराधी मनाने वाचत सुटलो. पहिला शोध म्हणजे माझी रिंग. वजन कुठे नाहीसं होत नाही हो, ते भोकाच्या काठावर जातं. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. शिवाय मधली कातडी भोकात लोंबते, ताणली जाते आणि तिचं रक्त अडतं. अकरावीचं फिजिक्स! जाणकार अशी रिंग वापरू नका म्हणून सांगतात, तरी ती विकली जाते आणि माझ्यासारखे 'इंजिनिअर' ती घेतात.

दुसरी गंमत ३२ या आकड्याची. १९३० मध्ये लँडिस नावाच्या संशोधकाने माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांमधला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला सरासरी आली पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरची. पुढे कित्येक वर्षं गादीचा दाब ३२ च्या आत की बाहेर, यावर गादी चांगली की वाईट ठरायची. नखापाशी मोजलेला आकडा थेट बुडाला! आपल्या कोडमध्ये कोणीतरी कधीतरी हार्डकोड करून ठेवलेला नंबर असतो ना, ज्याला हात लावायची कोणाची टाप नसते, तसं. खरं तर नुसत्या दाबाने भागत नाही, वेळही धरावी लागते. १९५९ मध्ये कोझियाकने प्रयोगांतून दाखवलं की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब खूप वेळ, दोन्ही सारखेच घातक. नंतरच्या संशोधनाने आणखी पुढचं सांगितलं: हाडाजवळचा स्नायू चेंबटला की नुकसान आतूनही सुरू होतं. म्हणजे फोटोत लाल डाग दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. हे वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

मग नवी गादी आली. छोट्या छोट्या रबरी फुग्यांची, सगळे आतून जोडलेले. ही कल्पना रॉबर्ट ग्रेब नावाच्या अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअरने १९७० च्या दशकात बाजारात आणली. (बघा, ब्रँच सोडून काम करणारा मी एकटाच नाही.) माणूस फुग्यांत बुडतो, हवा इकडून तिकडे सरकते आणि भार पसरतो. पण हवा जास्त झाली तर माणूस चेंडूवर बसल्यासारखा वर राहतो, कमी झाली तर हाड थेट तळाला टेकतं. माणूस बसवून, खाली हात घालून बघायचं. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर हवं. वहिनीचा हात खाली, माझा व्हॉल्व्हवर. 'काढ... अजून थोडी... बस बस!' चार वेळा केलं.

तेवढ्यात नवीनच भानगड. जाड गादीमुळे दादा वर गेला, चाकाची कड हाताला लांब पडायला लागली आणि उंबऱ्यावर खुर्ची मागे कलायला लागली. गादी बदलली की खुर्चीचा तोलही बदलतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगल्या खुर्चीत मागच्या चाकाचा आस पुढे-मागे, वर-खाली करता येतो. पुढे घेतला तर ढकलायला हलकी पण मागे उलटायची भीती जास्त. माझ्या 'स्वस्त आणि मस्त' खुर्चीत तो एकाच जागी पक्का आहे. आयएसओ ७१७६ या मानकात खुर्ची कठडे लावलेल्या ड्रमवर २,००,००० फेरे चालवतात, मग पाच सेंटीमीटरवरून ६,६६६ वेळा खाली टाकतात. मामाच्या जांभ्या चिऱ्याच्या अंगणात माझ्या खुर्चीचं पुढचं चाक आत्ताच वाकडं झालंय. नवीन खुर्चीसाठी मापं घेऊन आलोय. यावेळी टेप घेऊन, दुकानदाराला न विचारता.

अजून एक. हातांवर जोर देऊन पंधरा-वीस सेकंद बूड उचलायला दादाला शिकवलं होतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दबलेल्या जागेचा ऑक्सिजन पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागले! इतका वेळ हातांवर कोण तोलून धरेल? खांद्यांची वाट लागेल. म्हणून आता त्याच्या मोबाईलवर अलार्म लावलाय. तो वाजला की टेबलावर पूर्ण ओणवं व्हायचं आणि दोन मिनिटं तसंच राहायचं.

'बाळ्या, दोन मिनिटं केवढी मोठी असतात रे,' तो टेबलावर डोकं ठेवून म्हणाला. मग तिथूनच आंब्याच्या पेट्यांचा हिशोब सांगायला लागला आणि मी लिहून घेतला.

रोज रात्री वहिनी तपासते आणि शनिवारी मला फोटो पाठवते. कालचाही आला. डाग नाही.