आनंदावरचा पहारा

पुण्यात आषाढ सरत आला की नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. बाकीच्यांना गणपतीची चाहूल लागते, मला लेकीच्या झोपेची काळजी. तिशीतली पोर, कमावती, पथकात ताशा वाजवणारी. तिला बायपोलर डिसऑर्डर आहे. या आजारात झोप मोडणं हे नुसतं लक्षण नसतं, बरेचदा तेच निमित्त होतं. सलग दोन-चार जागरणं झाली की तिचं मन उधळायला तेवढं पुरतं.

नैराश्य ओळखायला आईला डॉक्टर लागत नाही. न विंचरलेले केस, ताटात नुसतीच चिवडलेली पोळी, दुपारी चारलाही न निघालेलं अंथरूण. अवघड असतं ते दुसरं टोक. उधाणाच्या सुरुवातीला ती इतकी गोड दिसते, काय सांगू! पहाटे तीनला उठून फडताळातले सगळे डबे घासते, पुसते, त्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवते आणि सहाला मला आल्याचा चहा आणून देते. डोळ्यांत चमक, बोलण्यात कोट्या. शेजारच्या काकू म्हणतात, "किती उत्साही हो तुमची पोर!" मी ओट्याशी उभी राहून हिशेब करत असते, काल हिच्या खोलीतला दिवा किती वाजता मालवला? कारण पुढे काय होतं ते मला पाठ आहे. दारात कुरिअरची खोकी येऊ लागतात, कोकणात जमीन घ्यायची बोलणी सुरू होतात, आणि अडवायला जावं तर मी तिची वैरीण.

या दुखण्याने आमचं बरंच नेलं. एक नोकरी, काही मुदतठेवी, ठरलेलं एक लग्न. (लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल, असं सांगणारे अजून भेटतात. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.) पण जिव्हारी लागतं ते वेगळंच. पोर खूश दिसली की आईने निर्धास्त खूश व्हावं, ते सुख गेलं. तिलाही ते कळतं. बढती मिळाली त्या दिवशी ती नाचतच घरात आली, माझा चेहरा पाहिला आणि थबकली. म्हणाली, "आई, हे खरं आहे गं. पत्र दाखवू का?"

तिच्या गोळ्यांत लिथियम आहे. "बॅटरीत असतं तेच. मी चार्जिंगला लागलेय," हा तिचा ठरलेला विनोद. उन्मादावर त्याचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली प्रसिद्ध केलं. औषध जुनं, स्वस्त आणि गुणी, पण नाजूक. उपयोगी पडणारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. म्हणून रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की रक्त द्यायचं, अधूनमधून थायरॉइड आणि किडनीही तपासायची. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की पातळी चढते. त्यामुळे आमच्याकडे तिला निर्जळी उपास नाही, मीठ एकाएकी तोडणं नाही, अंग दुखलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन नाही. जुलाब-उलट्या झाल्या की आधी डॉक्टरांना फोन. हात फार थरथरले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला तर थेट रुग्णालय. सासूबाईंना एकादशीचं पटवायला वेळ लागला. आता त्याच तिच्या हातात पाण्याचं तांब्याभांडं देतात.

पण ती सज्ञान आहे. गोळी घे म्हणता येतं, घशात घालता येत नाही. आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. चांगली असताना तिने तो कागद केला. प्रतिनिधी म्हणून नाव घातलं मावसभावाचं. "तू रडतेस. तो रडत नाही." मला लागलं. पण निवड चोख आहे.

त्याखेरीज आमचा घरचा एक करार आहे, साध्या वहीच्या पानावर. सलग दोन रात्री झोप उडाली तर मी डॉक्टरांना कळवणार, तिने रुसायचं नाही. तेव्हा क्रेडिट कार्ड मावसभावाकडे. ही कलमं माझी. शेवटचं तिने घातलं: मी हसले की लगेच "गोळी घेतलीस का?" विचारायचं नाही. मला सगळ्यांत जड जातं ते हेच.

यंदा ती ताशा वाजवणार आहे. डॉक्टरांशी बोलून ठरलंय, सरावाहून नऊला घरी, विसर्जनाला रात्रभर थांबणं नाही. पथकातल्या पोरांना तिने स्वतःच कारण सांगितलं.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक जवळ ठेवा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मुलासाठी कराच, पण आई-बापांनो, एखादा फोन स्वतःसाठीही करा.