पाकीट इथून निघतं

परदेशात अमली पदार्थांसह पकडल्या गेलेल्या माणसाची अर्धी केस त्याच्या मायदेशात पडून असते. पकडणाऱ्या देशाकडे बॅग असते, वजनाची नोंद असते, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल असतो. ती बॅग कुणी भरली, तिकिटाचे पैसे कुणी दिले, हातात ठेवताना काय सांगितलं, हे सगळं मागे मुंबईत राहतं, मनिलात राहतं, कधी आमच्या वाळूजच्या एखाद्या खोलीत राहतं. फाशीवरून दोन देशांत खटका उडाला की वर्तमानपत्रांत राजदूतांचे फोटो येतात. मागे राहिलेल्या या अर्ध्या केसचं काय झालं, ते फारसं कुणी विचारत नाही.

मी फौजदारी वकील आहे. काम औरंगाबाद खंडपीठात, राहायला वाळूजच्या बजाजनगरला. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे जामीन अर्ज आणि अपिलं हा माझ्या कामाचा मोठा हिस्सा, आणि दुसऱ्या देशाच्या तुरुंगात असलेल्या भारतीयांचा कायदा हा माझ्या वाचनाचा जुना विषय. बजाजनगरला राहिल्यामुळे दोन्हींची गाठ पडते. बजाज ऑटोच्या कारखान्यामागोमाग उभी राहिलेली ही कामगारांची वसाहत. इथे आयटीआय झालेला फिटर, वेल्डर कंत्राटी नोकरीला कंटाळला की आखातातल्या व्हिसाची चौकशी करतो. मग कधी तरी त्याच्या घरचं कुणी विचारतं, "मॅडम, एजंट म्हणतो तिथल्या माणसाला एवढं एक पाकीट द्यायचं. ओळखीतलाच आहे. चालेल ना?" चालणार नाही, असं सांगितलं की त्यांना मी उगाच घाबरवते असं वाटतं.

तसं वाटणारी माणसं २०२३ च्या ऑक्टोबरात जरा गप्प झाली होती. महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादची गुन्हे शाखा यांनी तेव्हा आमच्या शहरात आणि पैठणच्या एमआयडीसीत छापे घातले आणि कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन जप्त केलं. अमली पदार्थ म्हणजे मुंबईच्या पार्ट्या किंवा पंजाबची सीमा, ही समजूत त्या आठवड्यात मोडली. काही दिवसांनी लोक विसरले, ते वेगळं.

पाकीट ओळखीतल्याच माणसाकडून येतं, याचा सगळ्यात वाईट नमुना मुंबईतल्या एका तरुण जोडप्याचा आहे. २०१९ च्या जुलैत हे दोघं दोहाच्या हमद विमानतळावर उतरले. सहलीची व्यवस्था नवऱ्याच्या आत्याने केलेली, लग्नाची भेट म्हणून. निघताना तिने एक पाकीट दिलं, जर्दा आहे म्हणाली. सामानात चार किलोंहून अधिक चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मुलगी तुरुंगातच जन्मली. त्यांच्या वकिलाला तिथे करण्यासारखं फार थोडं होतं, कारण बॅग त्यांचीच होती आणि "मला माहीत नव्हतं" हे प्रत्येक वाहकाचं म्हणणं असतं. निकाल फिरला तो मुंबईतल्या कामामुळे. बायकोच्या वडिलांनी अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोकडे तक्रार केली, ब्युरोने आत्याच्या टोळीचा तपास केला, संभाषणाची ध्वनिफीत आणि इतर कागद परराष्ट्र खात्यामार्फत कतारला गेले. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी सांगितली, मार्चअखेर दोघं निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये बाळाला घेऊन मुंबईत उतरले. २०२३ मध्ये शारजात अडकलेल्या मुंबईच्या अभिनेत्रीचंही असंच. तिच्या हातात दिलेल्या ट्रॉफीत माल होता. ती सुटली, कारण मुंबई गुन्हे शाखेने ट्रॉफी देणाऱ्यांना इथे पकडलं.

'मला माहीत नव्हतं' हे कुणी का मानत नाही? कारण अमली पदार्थांच्या कायद्यात पुराव्याचं ओझं उलटं असतं. सिंगापूरच्या कायद्यात वस्तू ताब्यात सापडली की ती काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं असं गृहीत धरतात. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. आपण नाक मुरडायला नको. आपल्या एनडीपीएस कायद्याचं कलम ३५ आणि कलम ५४ हेच सांगतं. फरक एवढाच की सिंगापुरात हेरॉइनचं वजन पंधरा ग्रॅमच्या वर गेलं की पुढे फाशी आहे.

जिथे फाशी आहे तिथलं चित्र पाहायचं तर २०१५ चा एप्रिल पाहावा. इंडोनेशियाने नुसाकंबांगान बेटावर २९ तारखेला मध्यरात्रीनंतर आठ जणांना गोळ्या घातल्या: दोन ऑस्ट्रेलियन, एक ब्राझिलियन, चार नायजेरियन, एक स्वतःचा नागरिक. ऑस्ट्रेलियाने राजदूत परत बोलावला. ब्राझीलने आणि नेदरलँड्सने जानेवारीतल्या फाशींनंतरच बोलावला होता, आणि ब्राझीलच्या अध्यक्षा दिल्मा रुसेफ यांनी फेब्रुवारीत नव्या इंडोनेशियन राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारायला नकार दिला होता. एवढं होऊनही एकही माणूस वाचला नाही. ऑस्ट्रेलियाचा राजदूत काही आठवड्यांत जाकार्ताला परतलाही. मेल्यानंतरचा निषेध घरच्या मतदारांसाठी असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तो करू नये असं नाही. सरकारला दुःख दाखवावं लागतं.

त्याच रात्री यादीतली नववी व्यक्ती वाचली. फिलिपिन्सची मेरी जेन वेलोसो, सुटकेसमध्ये हेरॉइन सापडलेली घरकामगार. तिला कामाचं आमिष दाखवून पाठवणारी बाई आदल्या दिवशी फिलिपिन्समध्ये पोलिसांपुढे हजर झाली. मनिलाने जाकार्ताला कळवलं की या नव्या खटल्यात वेलोसो साक्षीदार म्हणून हवी आहे. इंडोनेशियाने तिची फाशी पुढे ढकलली आणि ती पुढे कधी झालीच नाही. २०२४ च्या डिसेंबरात ती मायदेशी गेली. जे तीन राजदूतांना जमलं नाही ते मायदेशातल्या एका गुन्ह्याच्या नोंदीने केलं, हे मी माझ्या ज्युनिअर्सना पुन्हा पुन्हा सांगते. ते कंटाळतात.

मायदेश वाचवतो तसा अडकवतोही. त्या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांची टोळी, 'बाली नाइन', २००५ मध्ये बालीत पकडली गेली ती ऑस्ट्रेलियाच्याच संघीय पोलिसांनी दिलेल्या माहितीवरून. नऊपैकी एकाच्या वडिलांनी, मुलगा काहीतरी भलतं करायला निघालाय अशी शंका आल्यावर, त्याला देशातच अडवावं म्हणून वकिलामार्फत पोलिसांना निरोप पोचवला होता. मुलगा विमानात बसला. ज्या देशाने स्वतः फाशी रद्द केली, त्याच्या पोलिसांनी आपली माणसं फाशीच्या देशाच्या हाती दिली, यावर तिथे वर्षानुवर्षं रण माजलं आणि माहिती देण्याचे नियम बदलावे लागले. आपल्या तपास यंत्रणाही परदेशी यंत्रणांना खबर देतात. ती खबर आपल्या नागरिकाला कुठल्या कायद्यापुढे उभं करणार आहे, हा प्रश्न भारतात मी कधी संसदेत ऐकलेला नाही.

यात सगळ्यात अवघड जागी होतं ते इंडोनेशियाच. सौदीत फाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका इंडोनेशियन मोलकरणीसाठी २०१४ मध्ये सत्तर लाख रियालचा दियत, म्हणजे रक्तमोल, भरला गेला होता. आणि त्याच २०१५ च्या एप्रिलमध्ये, नुसाकंबांगानची तयारी चालू असताना, सौदीने आणखी दोन इंडोनेशियन मोलकरणींना मारलं. आम्हाला आगाऊ कळवलं नाही म्हणून जाकार्ताने निषेध नोंदवला. मलेशियाचीही तीच गत. सिंगापूरने २०२२ मध्ये नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियन तरुणाला ४२.७२ ग्रॅम हेरॉइनसाठी फाशी दिली. त्याचा बुद्ध्यांक ६९ होता. मलेशियाच्या पंतप्रधानांनी पत्र लिहिलं होतं, पण तेव्हा मलेशियाच्या स्वतःच्या कायद्यात अनिवार्य फाशी होती. ती उठली २०२३ च्या जुलैत.

आपलं काय? २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की ४९ भारतीय परदेशांत मृत्युदंडाच्या छायेत आहेत, त्यांपैकी २५ संयुक्त अरब अमिरातीत, ११ सौदीत. सगळ्या केसेस अमली पदार्थांच्या नाहीत. या माणसांसाठी 'फाशीच नको' असा युक्तिवाद भारत करू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांत फाशीला स्थगिती देण्याचा ठराव आला की भारत विरोधात मत देतो, आणि आपल्या एनडीपीएस कायद्यात कलम ३१अ आहे: ठरावीक मोठ्या प्रमाणाच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर मृत्युदंड. १९८९ मध्ये ते आलं तेव्हा ही फाशी अनिवार्य होती. अमली पदार्थांसाठी भारताने आजवर कुणाला फासावर चढवलेलं नाही, पण कलम पुस्तकात आहे.

म्हणून भारत तत्त्व मांडत नाही. तो कार्यपद्धतीवर भांडतो किंवा सौदा करतो. सौद्याचं उदाहरण रामेश्वरमच्या बाजूच्या पाच मच्छीमारांचं. २०११ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने त्यांना हेरॉइनच्या आरोपावरून पकडलं, ३० ऑक्टोबर २०१४ ला कोलंबोच्या उच्च न्यायालयाने फाशी सुनावली, रामेश्वरममध्ये जाळपोळ झाली. दिल्लीने आधी अपील दाखल करवलं. मग मोदी आणि राजपक्षे यांचं बोलणं झालं, अपील मागे घेतलं गेलं, राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि नोव्हेंबर सरायच्या आत पाचही जण घरी आले. वकील म्हणून मला हे अजून टोचतं. ते निर्दोष होते का, हे वरच्या कुठल्याही न्यायालयाने सांगितलं नाही. अपील मागे घेतल्यावर ते विचारायला जागाच उरली नाही. पण त्यांच्या घरच्यांना हे टोचणं परवडणारं नव्हतं, हेही खरं.

कार्यपद्धतीचं उदाहरण अमली पदार्थांचं नाही, पण आपल्या जवळचं आहे: कुलभूषण जाधव. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ वर. परदेशी माणसाला अटक केली की त्याच्या वकिलातीला भेटायचा हक्क आहे, हे त्याला विनाविलंब सांगा. त्याने मागितलं तर वकिलातीला कळवा. मूळ नागपूरच्या हरीश साळव्यांनी एक रुपया फीवर बाजू मांडली. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल लागला की पाकिस्तानने कलम मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. सुटका करा, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली.

दुसऱ्याच्या दारात कलम ३६ चा आग्रह धरणारा देश स्वतःच्या दारात कसा वागतो, हेही समोरचा बघत असतो. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर गोव्यात एका नायजेरियनाचा खून झाला. त्यामागे अमली पदार्थांच्या टोळ्यांची चर्चा होती. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीत महामार्ग अडवला. मग नायजेरियनांना घरांतून काढायची भाषा सुरू झाली आणि एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं. नायजेरियाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याने नायजेरियात किती भारतीय राहतात त्याचा आकडा सांगितला आणि त्यांनाही रस्त्यावर यावं लागेल, असा इशारा दिला. आपल्याला तो उद्धटपणा वाटला. जगातल्या कुठल्याही दूतावासात हे गणित रोज मांडतात, फक्त मोठ्याने बोलत नाहीत.

तरीही भारताच्या हाती एक तात्त्विक युक्तिवाद आहे आणि तो मुंबईत तयार झाला आहे. १६ जून २०११ ला मुंबई उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती भंगाळे यांच्या निकालात कलम ३१अ मधली अनिवार्य फाशी घटनाबाह्य ठरवली. मुंबईतल्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी दिलेल्या फाशीची केसही त्यांच्यापुढे होती. न्यायालयाने फाशीचं कलम रद्द केलं नाही. न्यायाधीशाला माणूस, त्याची परिस्थिती, त्याची भूमिका बघायची मुभा नसेल तर तो घटनेच्या कलम २१ चा भंग आहे, एवढंच म्हटलं. अमली पदार्थांच्या अनिवार्य फाशीविरुद्ध जगात कुठल्याही न्यायालयाने असा निकाल त्याआधी दिला नव्हता. २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला. फाशी ठेवूनही अनिवार्य फाशीला विरोध करता येतो, हे भारत सिंगापूरला त्याच्याच भाषेत सांगू शकतो. आपल्या परराष्ट्र खात्याने हा निकाल कधी मोठ्याने वापरल्याचं माझ्या वाचनात नाही.

तमिळनाडूच्या तीन खलाशांना इंडोनेशियातल्या न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये १०६ किलो मेथॅम्फेटामाइनसाठी मृत्युदंड दिला. त्यांच्या बायका दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने वकिलातीला अपिलासाठी मदत करायला सांगितलं. वकिलातीकडे पैसे असतात. भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे आणि गरीब कैद्याच्या वकिलाची फी त्यातून देता येते. तक्रार 'मदद' पोर्टलवर करता येते. नसतो तो इथला तपास. बोटीवर कुणी नोकरी लावली, दलाल कोण, पगार कुठून यायचा, याचे जबाब चेन्नईच्या पोलिसांनी नोंदवायचे असतात. जाकार्तातला अधिकारी ते करू शकत नाही.

आमच्याकडे कुणी आपला माणूस परदेशात पकडला गेल्याचा निरोप घेऊन आला की घरच्यांची पहिली धावपळ आमदाराकडे असते, दुसरी पत्रकाराकडे. तोवर घरातल्या कुणीतरी घाबरून एजंटचे मेसेज पुसलेले असतात, त्याचा नंबर उडवलेला असतो, पाकीट दिल्याच्या दिवशीचे फोटो काढून टाकलेले असतात. पोरगं आणखी अडकेल म्हणून. मी त्यांना आधी फोन टेबलावर ठेवायला सांगते, काहीही न उघडता, आणि एजंटचं नाव, त्याची गल्ली, त्याच्या ऑफिसातल्या पावतीवरचा शिक्का कागदावर उतरवून घेते. मग आम्ही वाळूजच्या पोलीस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार विचारतो, गुन्हा तर दोहात घडलाय, इथे कशाला आलात? फसवणूक इथे झाली, पाकीट इथून निघालं, हे त्याला पटवायला कधी कधी अख्खी दुपार जाते.