शिकागोतले बिनहीटरचे गॅरेज

शिकागोच्या नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत गॅरेज घराला चिकटूनच असते. दोघांत एक सामाईक भिंत आणि एक दार. जानेवारीच्या कडाक्यात बाहेर उणे दहा-पंधरा अंश, घरात वीस आणि गॅरेज या दोहोंच्या मधे कुठेतरी. त्याच्या बाहेरच्या भिंती आतून बऱ्याचदा उघड्याच असतात: सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी स्टड आणि त्यांच्यामागे तक्ते. ही हलकी लाकडी बांधणी १८३०च्या दशकात शिकागोतच रूढ झाली. १८७१च्या आगीत हे लाकडी शहर किती झपाट्याने जळते तेही दिसले.

नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती दिवसाची ऊब साठवून रात्री परत देतात. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या तरी दुपारी ऊन येते, म्हणून हे गणित जमते. शिकागोची थंडी आठवडेच्या आठवडे हलत नाही. तिथे ऊब साठवून भागत नाही, अडवावी लागते. हे काम काचतंतूंत अडकलेली हवा करते. साडेतीन इंची गादीचे रोधमूल्य आर-१३ असते. तेवढ्यासाठी विटांची भिंत पाच फुटांहून जाड लागेल.

मात्र इन्सुलेशन ऊब निर्माण करत नाही आणि गॅरेजात हीटर नाही. म्हणून पैसा आधी सामाईक भिंतीवर आणि वर खोली असेल तर छतावर घालावा. गादीचा क्राफ्ट कागद घराच्या बाजूला, कारण घरातली दमट हवा भिंतीत शिरून गार पडली की पाणी सुटते. हा कागद पेट घेतो, तो उघडा ठेवू नये. बाहेरच्या भिंतींचा क्रम त्यानंतरचा. पातळ पत्र्याचे मोठे दार आणि त्याच्या कडांच्या फटी तशाच राहिल्या, तर त्या भिंतींवरचा खर्च बराचसा वायाच जातो.

गादीवरून ड्रायवॉल, म्हणजे जिप्सम बोर्ड. अमेरिकेच्या आदर्श निवासी संहितेनुसार सामाईक भिंतीला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड लागतो. वर राहती खोली असेल तर छताला ५/८ इंची, आगरोधक प्रकारचा. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेले पाणी असते. आगीत त्याची वाफ होईपर्यंत मागचे लाकूड फारसे तापत नाही. वायर-पाइपांची भोके आगरोधक सीलंटने बुजवावी लागतात, दारही भरीव हवे. गाडीच्या धुरालाही घरात वाट नको: इलिनॉयमध्ये २००७पासून झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. चकल्यांचा वास घरात नको म्हणून गॅरेजात शेगडीही मांडू नये, मोठे दार उघडे ठेवले तरी.

बोर्ड काँक्रीटला टेकवू नयेत, खाली अर्धा इंच जागा सोडावी. गाडीखालून वितळलेले मिठाचे पाणी कागदी कड शोषून घेते. सांध्यांवर लांबीचे तीन हात, पहिल्या हातात कागदी पट्टी बसवून, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. लांबी सुकायला दहा अंशांच्या वर तापमान लागते, तेव्हा ऑक्टोबर सरण्याआधी हे काम उरकलेले बरे.

एवढे करूनही गॅरेज कोमटसुद्धा होत नाही. गणपतीचे मखर, तांदळाची पोती तिथे ठेवता येतात. तुळशीची कुंडी मात्र घरातच, दक्षिणेच्या खिडकीशी न्यावी लागते.