ताऱ्याची नोंद, माणसांची नोंद

भीमजयंतीची मिरवणूक आटोपली की आमच्या निवासी शाळेची मुले गच्चीवर जमतात आणि आम्ही ट्रायपॉडवर कॅमेरा चढवतो. १४ एप्रिलच्या रात्री साडेनऊच्या सुमारास ईटा कॅरिनी हा तारा वडवणीच्या बरोबर दक्षिणेस येतो. क्षितिजापासून जेमतेम ११ अंशांवर, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या मुठीहून किंचित वर. काही सेकंदांची अनेक छायाचित्रे एकावर एक रचली की त्याच्या परिसरातील विशाल तेजोमेघ तांबूस डागासारखा उमटतो.

सुमारे ७,५०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा अस्थिर आहे. १८३७ च्या डिसेंबरात जॉन हर्शेल यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून तो एकाएकी उजळल्याची नोंद केली. १८४३ मध्ये तो व्याधाखालोखाल तेजस्वी दिसू लागला. त्या उद्रेकात दहा सूर्यांहून अधिक वस्तुमान बाहेर फेकले गेले. त्याचा मेघ आजही सेकंदाला सुमारे ६५० किलोमीटर वेगाने पसरतो आहे. अर्जेंटिनाच्या एन्रिके गाविओला यांनी १९५० मध्ये त्याला होमुंक्युलस, म्हणजे ‘लहानसा माणूस’, असे नाव दिले.

तो आमच्या साध्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात नाही. मोठी दुर्बीण बाळगणारे हौशी छायाचित्रकार मात्र काही वर्षांच्या अंतराने तो टिपतात आणि दोन चित्रे शेजारी ठेवून त्याची वाढ पाहतात. ती वाढ उलट मोजत गेल्यास आपण १८४० च्या दशकाशी पोहोचतो. हर्शेल यांच्या वहीला आकाशच साक्ष देते!

एका वर्षी ऊसतोडीहून परतलेले एक पालक मुलीला भेटावयास आले होते. हे सारे ऐकून त्यांनी विचारले, “सर, ह्यो तारा भडकला तवा आपली मान्सं काय करीत व्हती?”

आम्ही म्हणालो, “दादा, १८४३ मध्ये जोतीराव सोळा वर्षांचे होते. पुढे पाचच वर्षांत त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.”

“ते खरं. पर आपल्या गावातली?”

इतिहासाचे एम.ए. असूनही आम्ही निरुत्तर झालो. एवढ्या दूरच्या ताऱ्याची नोंद सापडते. आमच्या खापरपणजोबांचे नावदेखील आम्हांस ठाऊक नाही.

सर्व काही अनित्य आहे, हे तथागतांनी सांगितले. पण किती बदलले, हे कळण्यास पहिले चित्र कोणीतरी जपलेले असावे लागते. त्या रात्रीपासून प्रत्येक छायाचित्रामागे तारीख आणि गच्चीवरील मुलांची नावे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिली जातात. त्या मुलीने आपल्या नावाखाली आईवडिलांची नावेही लिहिली. वडिलांनी ती अक्षरे बराच वेळ निरखली.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमची छायाचित्रे आमच्या कपाटात आहेत. येत्या १४ एप्रिलला मुलाबाळांसह या. शेजारी ठेवावयास दुसरे चित्र हवे आहे.