नऊची बेरीज

ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला, त्याला आता तीन वर्षं होतील. सकाळी चहाचा कप बशीत किणकिणायचा. तो आवाज मला ऐकवेना. मी कपबशी कपाटात ठेवली आणि स्टीलचा पेला पुढं केला. ते काही बोलले नाहीत. खरं एका रविवारी अंगणात गेले, फियाटचं बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत बघत उभे राहिले आणि तसंच मिटून घरात आले. तेव्हा दुखणं कुठं आहे ते मला कळलं. टॅपेट लावायचे दिवस आले होते. वर्षातून एकदा ते काम ते स्वतःच करायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली. नाव प्रीमियर पद्मिनी, पण येळ्ळुरात तिला फियाट सोडून दुसरं काही कुणी म्हटलं नाही. सासऱ्यांना तिचा भारी अभिमान. "आपल्या माणसानं काढलेल्या कारखान्यातली," म्हणायचे. आपला माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि पुढं कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. ती बातमी ह्यांनी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

"उद्यमबागेतून कुणाला तरी बोलवूया का?" मी विचारलं.

"नको. राहू दे. वाजू दे तशीच."

"मग मला सांगा. मी करते."

ते हसले. मी बी.ए. मराठी. पण शिवणाच्या मशीनची सुई आणि दोरा ह्यांचं गणित तीस वर्षं सांभाळलंय की!

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, म्हणून सकाळी सुरुवात केली. त्यांनी खुर्ची टाकली, मी पदर खोचला. टॅपेट कव्हर काढलं. आत तेलानं चमकणारी रॉकरची ओळ. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह: एक हवा-पेट्रोल आत घेणारा, एक जळलेला धूर बाहेर सोडणारा. रॉकरचं एक टोक खालून उचललं की दुसरं टोक व्हॉल्व्हला दाबतं. त्या टोकात आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात एक बारीक फट ठेवायची, वहीच्या कागदाएवढी. ती मोजायला फिलर गेजची पातळ पट्टी.

"फट कशाला? घट्टच बसवलं तर?"

"तापल्यावर लोखंड वाढतं. वाढायला जागा नको?"

आता कुठला व्हॉल्व्ह कधी लावायचा? त्यांनी सांगितलेली युक्ती मला फार आवडली. पुढून मागं एक ते आठ आकडे मोजायचे. एक नंबर पुरता उघडला असेल तेव्हा आठ नंबर लावायचा, तीन उघडा असेल तर सहा. बेरीज नऊ आली पाहिजे. इंग्लंडात एमजी बी ही जुनी स्पोर्ट्स गाडी बाळगणारेही आपल्या अंगणात हीच बेरीज करतात म्हणे.

इंजिन फिरवायला प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरला टाकली आणि पुतण्या मागून इंच इंच ढकलू लागला. "काकू, थांबू?" "अजून थोडं... बास!" एका हातात पाना, एका हातात स्क्रूड्रायव्हर, आणि पट्टी सरकवायला तिसरा हात नाही! पट्टी अडखळत, किंचित घासत सरकली पाहिजे. बरोबर जमलं असं वाटावं आणि नट आवळताना स्क्रू केसभर फिरावा, की पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी गाडी चालू केली. टिकटिक जवळजवळ बंद! मी खूश. ह्यांचा चेहरा मात्र उतरला.

"फारच गप्प आहे."

पाच-दहा मिनिटांत इंजिन तापलं आणि गाडी लंगडू लागली. ते उठले, मागं जाऊन धुराच्या नळीपाशी तळहात धरला. हात थरथरत होता. बराच वेळ तसेच वाकून राहिले, आणि मग एकदम हसत सुटले. "अगं, हात हलतोय का गाडी, तेच कळंना झालंय!"

कित्येक महिन्यांनी ते त्या हातावर असं मोकळं हसले. मीही हसले, डोळे पुसले, आणि माझा हात धरला. धक धक धक... मधेच एक ठोका फुसका.

"कुठल्यातरी व्हॉल्व्हला फटच उरली नाही," ते म्हणाले. "तापला की पुरता मिटत नाही. आग कडेनं निसटते आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी. हा गप्प राहून जळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं उघडलं. सहावा निघाला. पट्टी आत जाईचना. नट आवळताना मीच तो जास्त दाबला होता. सैल केला, पट्टी सरकवली, नट आवळून पुन्हा एकदा सरकवून पाहिली. ह्या खेपेला गाडीनं बारीक टिकटिक ठेवली, शिवणाचं मशीन दुसऱ्या खोलीत चालावं तशी.

महिन्याभरानं आम्ही कुंभोज बाहुबलीला जाऊन आलो. गाडी पुतण्यानं चालवली. परतताना निपाणी सोडली, तवंदीचा घाट लागला. ह्यांनी काच खाली करून कान बाहेर दिला. चढावर एकदाही गाडी दमली नाही. सूर्य मावळायच्या आत घरी पोचून जेवणंही झाली.

त्या रात्री मी कपाट उघडून कपबशी खाली काढली. सकाळी त्यांना चहा त्यातच दिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कप वाजला. वाजू दे.