कारंज्याची वाट आणि डाव्या हाताचे दुखणे

कारंजा नावाची गावे आपल्या प्रांतात एकाहून अधिक आहेत, आणि त्यापायी होणारा घोटाळा आमच्या कित्येक वाचकांच्या परिचयाचा असेल. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ज्या कारंज्याची यात्रा आपल्या घराघरांतून होते, ते कारंजा लाड. ते वाशीम जिल्ह्यात. आज ज्या गावाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत, ते कारंजा घाडगे. वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एका तालुक्याचे हे ठाणे असून नागपूर-अमरावती रस्त्यावर, नागपुरापासून पाऊणशे किलोमीटरांच्या सुमारास वसलेले आहे. अमरावतीकडे निघालेला मनुष्य येथे चहापुरता उतरतो आणि पुढे जातो. आम्हीही आजवर तसेच पुढे गेलो होतो. परंतु गेल्या मार्गशीर्षात या गावी चार दिवस मुक्काम घडला, आणि तो घडविला तो एका हाताच्या दुखण्याने.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कारंज्यास असतो. त्याचे काम तालुक्यात गावोगाव हिंडण्याचे आहे. शेतकऱ्याच्या दारापर्यंत जावयाचे म्हणजे मोटारसायकलवाचून गत्यंतर नाही. दिवाळीत घरी आला तेव्हा जेवताना पाण्याचा तांब्या तो डाव्या हाताने उचलीत नाही, हे प्रथम त्याच्या आजीच्या लक्षात आले. खोदून विचारता कळले की, हात दोन महिन्यांपासून दुखतो आहे आणि ही नोकरी सोडावी असे त्याच्या मनात घोळते आहे. ज्या नोकरीच्या भरवशावर धाकट्या बहिणीचे शिक्षण चालले आहे ती हाताच्या दुखण्यासाठी सोडावयाची, ही गोष्ट घरात कोणासच हलकी वाटली नाही. तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे ठरले, आणि नागपुराहून त्याच्याच गाडीवर मागे बसून आम्ही निघालो.

नागपूर सोडून पश्चिमेस निघाले की वाडीपर्यंत मालमोटारींची गर्दी असते. पुढे बाजारगाव, कोंढाळी ही गावे लागतात. कोंढाळीनंतर रस्ता टेकड्यांतून चढउतार करू लागतो व दुतर्फा सागाचे रान दिसते. दक्षिणेच्या अंगास बोरचे अरण्य आहे; त्यास २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो ७०१ किलोमीटरांचा पूर्ण झाला. तोही याच जिल्ह्यातून जातो. परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. म्हणून मोटारीवाल्याने वाटेल त्या वाटेने जावे, मोटारसायकलवाल्याची वाट मात्र हीच जुनी, गावांतून आणि बाजारांतून जाणारी.

मागे बसलेल्या माणसास चालवणाराचे हात निवांतपणे पाहता येतात. वाडीच्या गर्दीत पाच-दहा पावले पुढे जावे, पुन्हा थांबावे, असे चालले होते. दर वेळी क्लचची लिव्हर दाबावयाची, गिअर टाकावयाचा, हलकेच सोडावयाची. त्या अर्ध्या तासात आमच्या पुतण्याने लिव्हर किती वेळा दाबली ते मोजणे आम्ही अखेर सोडून दिले. मोकळ्या रस्त्यावर लिव्हरीचे कामच नव्हते. तरी कोंढाळीस थांबलो तेव्हा तो डावा हात झटकीत होता. यावरून एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की, हात थकतो तो अंतराने नव्हे. तो थकतो थांबण्याने, बाजारातून आणि पांदणीतून गाडी काढण्याने. आणि या तालुक्यातील चाकरी म्हणजे सारी बाजारांची आणि पांदणींची.

कारंज्यास पोहोचताच पुतण्या आम्हास औषधाच्या दुकानाकडे नेऊ लागला. आम्ही आधी एका मिस्त्रीकडे गेलो. वयाने पन्नाशीचा तो गृहस्थ हाताकडे न पाहता लिव्हर दोनदा दाबून म्हणाला, "पोराचा हात नाई दुखत जी, वायर दुखून राह्यली." हे बोलणे विनोदाचे वाटले, पण त्याने वायर सोडून दाखविली तेव्हा त्यातील मर्म कळले.

क्लच वायर म्हणजे पोलादी तारांचा पीळ. तो एका नळीतून सरकतो. एका टोकास लिव्हर, दुसऱ्या टोकास इंजिनातील स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या तबकड्या. लिव्हर दाबली की पीळ ओढला जातो, स्प्रिंगा दबतात व तबकड्या सुट्या होतात. स्प्रिंगांचा जोर ठरलेला असतो. परंतु नळीत धूळ आणि गंज साचला, किंवा हँडलापाशी नळीस कडक वळण पडले, तर घर्षण वाढते आणि त्या घर्षणाचा सारा भार बोटांस उचलावा लागतो. मिस्त्रीने वरच्या टोकातून तेलाचे थेंब सोडले व ते खालच्या टोकातून निघेपर्यंत वायर पुढेमागे केली. लिव्हरीच्या खिळीस थोडे ग्रीस लावले. आणि नळीचे आवळलेले वळण सैल केले. एखादी तार तुटून पीळ विस्कटला असेल, तर तेलाच्या नादी न लागता वायर बदलावी, असे त्याचे मत पडले. कित्येक नव्या वायरींच्या नळीस आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते; तिला तेल द्यावे की नाही हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. लिव्हरीस किती ढिल ठेवावयाची तेही त्याच पुस्तिकेत दिलेले असते. ढिल मुळीच नसेल तर तबकड्या घसरून झिजतात. फार असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही गिअर नीट पडत नाही आणि हात उगाच अधिक आवळला जातो.

एवढे झाल्यावर त्याने पुतण्यास गाडीवर बसवून हात हँडलावर ठेवावयास सांगितला. लिव्हर इतकी वर होती की ती धरताना मनगट मागे मोडत होते. त्याने आवळपट्टी सैल करून लिव्हर किंचित खाली फिरविली. तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत आला. लिव्हर मुळापाशी न धरता टोकाकडे धरावी, हेही त्याने सांगितले. ही तरफेची साधी गोष्ट आहे. टोकाकडे जोर कमी लागतो. आमच्या पुतण्याने ताबडतोब दाबून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

त्या सायंकाळी ज्यांच्या घरी आमचे जेवण होते ते कुटुंब बागाईतदारांचे. आंबिया बहाराचा संत्रा उतरण्याचे ते दिवस. अंगणात फळांचे ढीग आणि ओसरीवर तीन पिढ्या. घरातील वृद्ध आजोबा दमणीच्या दिवसांच्या गोष्टी सांगत होते. गवळाऊ जातीचे बैल याच आर्वी-आष्टी-कारंजा भागातले. अंगाने सडपातळ, रंगाने पांढरे-करडे, चालीस चपळ. अशी जोडी दमणीस जुंपून कोसच्या कोस जात असता त्यांचा हात दुखल्याचे त्यांस आठवेना. "कासरा आवळून धरणारा गाडीवान लवकर थकतो, आणि बैलही बुजतो," असे ते म्हणाले. त्यांच्या पुतण्याने हसत म्हटले, "आजोबा, मोटारसायकलीस कासरा नसतो." परंतु आम्हास ते म्हणणे लागू वाटले. हँडल मुठीत आवळून धरणे, गाडी चालत असता बोटे विनाकारण लिव्हरीवर ठेवणे, फाटकापाशी गिअर टाकून लिव्हर दाबून उभे राहणे, हे सारे कासरा आवळण्याचेच प्रकार होत. थांबावयाचे असेल तेथे गाडी न्यूट्रल करावी आणि हात मोकळा सोडावा. एवढ्या सवयीने दिवसाचे निम्मे श्रम वाचतात.

याच घरातील एक चिरंजीव डॉक्टर आहेत. त्यांनी पुतण्याचा हात पाहून जे सांगितले ते प्रत्येक घरात ठाऊक असावे, म्हणून येथे देतो. बोटे मिटणारे स्नायू बोटांत नसून मुख्यतः कोपराखालच्या भागात आहेत. त्यांच्यापासून निघालेल्या दोऱ्यांसारख्या नऊ शिरा मनगटातील एका अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतात. त्यांस वैद्यकात कंडरा म्हणतात. त्याच बोगद्यातून एक मज्जातंतू जातो, आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे असते. म्हणजे मिस्त्रीने दुपारी जी वायर व नळी दाखविली, तशीच रचना ईश्वराने मनगटात केलेली आहे. मनगट मोडून लिव्हर दाबणे म्हणजे नळीस कडक वळण देऊन वायर ओढणे. फरक एवढाच की, ही वायर बाजारात मिळत नाही.

दुखण्याचे प्रकारही त्यांनी निरनिराळे सांगितले. कोपराखाली ठसठस असेल तर ती स्नायूंची थकावट; विश्रांतीने व शेकाने ती जाते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूस कळ येत असेल, तर तेथील कंडरांच्या आवरणास सूज असण्याचा संभव असतो; या विकाराचे वर्णन स्विस शस्त्रवैद्य डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली केले. करंगळीस मुंग्या येत असतील, तर तळव्याची कड हँडलावर दाबली जाते की काय ते पाहावे. परंतु अंगठा व पहिली दोन बोटे बधिर होऊन रात्री झोप मोडत असेल, हात झटकल्यावाचून बरे वाटत नसेल, तर मनगटातील तो मज्जातंतू चेपला जात आहे असे समजावे. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गर्भारपण यांत हा त्रास होण्याचा संभव अधिक.

हे ऐकून आमचा पुतण्या खाली पाहू लागला. रात्री दोनदा उठून हात झटकतो, ही गोष्ट त्याने घरी कोणासही सांगितली नव्हती. आणि ओसरीच्या टोकाशी बसलेल्या एका कापूस वेचणाऱ्या बाईने हळूच विचारले, "मले पन रातीले असंच होते, मी तं गाडी चालवत नाई." डॉक्टरांनी तिचाही हात तितक्याच काळजीने पाहिला. दिवसभर बोंडातून कापूस ओढणारी बोटे आणि दिवसभर लिव्हर ओढणारी बोटे एकाच बोगद्यातून कष्ट करितात. अंतर एवढेच की, नोकरदाराचा हात दुखला तर घरात बैठक भरते. तिचा दुखला तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचणीस जाते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघेही सेवाग्रामास जाऊन आली. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी स्थापिली, आणि या भागातील गोरगरिबांचा तो मोठा आधार आहे. पुतण्याचे दुखणे आरंभीचे निघाले. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून निजणे, तासाभराने गाडी थांबवून बोटे पूर्ण पसरणे, कोपर सरळ ठेवून दुसऱ्या हाताने तळवा हलकेच मागे ताणून पंधरा-वीस सेकंद धरणे, आणि मुंग्या आल्यास ताणणे तत्काळ सोडणे, एवढेच सांगण्यात आले. चेंडू दाबण्याचा व्यायाम मात्र वर्ज्य केला. जो हात दाबून दाबून थकला त्यास आणखी दाबावयास लावण्यात अर्थ नाही. दीड महिन्यात त्याची रात्रीची झोप परत आली, आणि नोकरी सोडण्याची भाषा बंद झाली. बाईचे दुखणे जुने होते. अंगठ्याच्या मुळाची मांसल उशी ओसरू लागली होती. तिला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि वेचणी आटोपताच ती करून घेण्याचे तिने ठरविले. हातातून वस्तू पडू लागणे, अंगठ्यात जोर न राहणे, ही चिन्हे दिसताच विलंब करू नये; मज्जातंतू फार दिवस चेपला गेला, तर मागाहून उपाय करूनही तो पूर्ववत होईलच असे नाही.

आपल्या एकत्र कुटुंबांतून तरुणाने दुखणे सांगितले की, "सवय होईल" असे म्हणण्याची चाल आहे. कष्टाची सवय होते हे खरे; परंतु चेपलेल्या नसेस सवय होत नाही, ती मुकी होते. म्हणून घरात जो कोणी रोज गाडीवर जातो त्यास आठवड्यातून एकदा विचारावे, की रात्री हात जागा करितो काय? आणि घरी धुणे पिळणारी, कणीक तिंबणारी, कापूस वेचणारी जी कोणी असेल तिलाही तोच प्रश्न तितक्याच आस्थेने विचारावा. दसऱ्यास आपण गाडीस हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. त्याच दिवशी क्लच वायर तपासून तिला लागेल तसे तेल द्यावे, आणि लिव्हरीचा कोन पाहावा. यंत्राची पूजा ती हीच; आणि ते चालविणाऱ्या हाताचीही.