चाल

जानेवारीत एका रात्री भाच्याने विनिपेगहून फोटो पाठवला. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिलची पुढची डावी स्की, ती गाडीच्या पायाला जिथे जोडलेली असते तिथला बोल्ट आणि बोल्टाभोवती लांबोळकं झालेलं भोक. खाली एकच ओळ: "मामा, हे फार हलतंय. पक्कंच करून टाकू का?"

मी रायपूरचा. बर्फ आयुष्यात पाहिला तो मासळीबाजारात आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर. भनपुरीला आमचं लेथचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. ट्रकचे, राइस मिलचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग दुरुस्त करणं हा आमचा धंदा. तरी फोटो मोठा करून पाहिला आणि सांधा एकदम ओळखीचा निघाला. हाच सांधा मी अभनपूरकडच्या एका धानाच्या बांधीत बिघडवून ठेवला होता, 'पक्का' करण्याच्या नादात.

आधी भाच्याच्या गाडीबद्दल. स्नोमोबिलला मागे रबरी पट्टा असतो, तो गाडी ढकलतो. पुढे दोन स्की असतात, त्या दिशा देतात. गाडीचा उभा दांडा, स्पिंडल, खाली येऊन स्कीच्या दोन कानांमध्ये बसतो आणि आडवा बोल्ट दोघांना जोडतो. स्कीने त्या बोल्टावर पुढेमागे डुललं पाहिजे. चढ आला की नाक वर, उतार आला की खाली. ती वाटेल तशी फडफडू नये म्हणून दांड्याखाली एक रबरी ठोकळा दाबून बसवलेला असतो. बोल्ट, बुश, रबर, एवढाच संसार. ही माहिती मी त्या रात्री जागून मिळवली. तेव्हाच कळलं की 1959 साली स्की-डू नावाची छोटी स्नोमोबिल बाजारात आणणारे क्युबेकचे जोसेफ-अरमाँ बोंबार्दिये हे मूळचे गॅरेजवाले. बर्फाने रस्ते बंद असताना त्यांचा दोन वर्षांचा मुलगा दवाखान्यापर्यंत नेता आला नाही आणि 1934 साली तो गेला. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे त्यांचे प्रयोग त्याआधीपासून चालू होते. त्यानंतर ते कोणत्या मनाने स्क्रू पिळत असतील, या विचाराने मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला.

आता अभनपूर.

छत्तीसगढात धान दोन तऱ्हांनी होतं. पूर्वापार शिंपडून पेरायचं आणि उभ्या पिकात पाणी साचलं की हलका नांगर फिरवायचा, ती बियासी. दुसरी रोवणी. माझी आई भंडाऱ्याकडची. तिच्या तोंडी पऱ्हे, रोवणी, बांधी हे शब्द होते. इथे पऱ्ह्यांना थरहा म्हणतात. रोवणीला बायका मिळेनाशा झाल्या तशी यंत्रं आली. मी पहिल्यांदा पाहिलं ते इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या मेळाव्यात: चार ओळींचं, मागून चालत चालवायचं. ट्रेमध्ये चटईसारखे वाढवलेले पऱ्हे, त्यातून चार-दोन रोपं चिमटीत धरून चिखलात खोचणारी लोखंडी बोटं, आणि खाली प्लास्टिकचे तीन फ्लोट, होडीच्या तळासारखे. चाकं खालच्या घट्ट थरावर चालतात, फ्लोट वरच्या चिखलावरून घसरतात. बर्फाऐवजी चिखल, एवढाच फरक.

त्यातला मधला फ्लोट नुसता घसरत नाही, तो जमीन वाचतो. मागच्या बाजूने तो पिनेवर टांगलेला असतो आणि पुढची बाजू हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. चिखल उंच लागला की त्याचं नाक उचललं जातं, व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळं यंत्र तेवढंच वर येतं. खोलगट लागलं की उलट. त्यामुळे रोप दोन-तीन सेंटिमीटरवरच खोचलं जातं. हे सगळं अवलंबून कशावर, तर मागच्या पिनेवर तो फ्लोट सहज डुलण्यावर.

जुलैत एका संध्याकाळी दाऊजी ते यंत्र पिकअपमध्ये घालून घेऊन आले. दाऊ म्हणजे इकडे जमीनजुमलावाला शेतकरी. हे तसे मध्यमच, अकरा एकरांचे, पण गाव त्यांना दाऊच म्हणतं. मधल्या फ्लोटचा पिनेचा कान झिजून भोक अंड्यासारखं झालेलं. कुणीतरी तारेने आवळून वेळ मारून नेलेली. नवा फ्लोट यायला आठ दिवस लागतील असं त्यांना सांगण्यात आलं होतं. आणि पऱ्हे सतरा दिवसांचे. आठवडा गेला की चटईतली मुळं एकमेकांत इतकी गुंततात आणि रोपं इतकी उंच होतात की यंत्राची बोटं ती नीट सोडवूच शकत नाहीत. तीन एकरांचे पऱ्हे म्हणजे वर्षाच्या कमाईचा चौथा हिस्सा शेडनेटखाली थांबलेला.

मी त्यांना म्हटलं, "सकाळी न्या. नव्यापेक्षा भारी करून देतो."

ही भाषा मला नडते. कानाला दोन्हीकडून पोलादी पट्टी लावून बोल्टांनी आवळली. अंडाकार भोक मोठं करून त्यात पांढऱ्या नायलॉनच्या सळीतून कातलेला बुश दाबून बसवला. नायलॉन गंजत नाही, त्याला ग्रीस लागत नाही, कातायला लोण्यासारखं. पीन नवी, घट्ट, जराही खडखड नाही. फ्लोट हाताने हलवला तर मखमलीसारखा फिरला. रात्री अकराला मी त्याचा फोटोही काढला होता. तो पुढे पुसून टाकला.

पहिल्या दिवशी यंत्र सुरेख चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही. तिसऱ्या सकाळी दाऊजींचा फोन आला आणि मी स्कूटर काढली. ती बांधी कन्हारची, म्हणजे काळ्या भारी मातीची, गंगरेलच्या कालव्याच्या पाण्याने तुडुंब. बांधाच्या कडेला हिरवा गाळ साचल्यासारखं दिसत होतं. जवळ गेलो तर ते पऱ्हे होते, मुळांसकट तरंगत आलेले. पुढे उंचवट्यावर रोपं मानेपर्यंत गाडली गेलेली. खोलगट भागात नुसती चिखलावर ठेवलेली, वाऱ्याने पाणी हललं तशी सुटलेली. सव्वा एकर असं. फ्लोटला पायाने ढकललं. तो हललाच नाही.

दाऊजी ओरडले नाहीत. धोतर खोचून बांधावर उभे होते. म्हणाले, "पहिली ढिल्ला रिहिस, त बने चलत रिहिस." आधी ढिला होता, तर बरा चालायचा. झालं. रायपूरला पन्नास वर्षं काढली, पण छत्तीसगढी कधी इतकी स्पष्ट कळली नव्हती.

बायका बोलावून पुन्हा हाताने रोवावं लागलं. नऊ जणी, दोन दिवस. मजुरी मी द्यायला गेलो, तर त्यांनी एका दिवसाचीच घेतली. "यंत्र आमचंही जुनंच होतं," म्हणाले. ते मला दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा जड गेलं.

बुश ठोकून काढला आणि दुकानात आणला. वडील तेव्हा रोज सकाळी तासभर येऊन स्टुलावर बसायचे, काम करायचे नाहीत. त्यांनी बुश बोटांत फिरवला, पिनेत घालून पाहिला, गेला नाही. विचारलं, "कोरडा मोजलास ना?"

कोरडाच मोजला होता. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. बुशाला बाहेरून कान फुगू देत नाही, मग तो आतल्या बाजूला फुगतो, पिनेवर. मी ठेवलेली फट होती केसाएवढी. दोन दिवस चिखलात राहून ती मिटली आणि उरलेल्या जागेत कन्हारची बारीक माती जाऊन बसली. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. मला माहीत नव्हतं असंही नाही. मला ती खडखड सहन होत नव्हती, एवढंच.

कारखान्याच्या हिंदीत या फटीला 'चाल' म्हणतात. "इसमें चाल आ गई है" म्हणजे झिजलं, बदला. आणि "थोडी चाल छोड़ना" म्हणजे इतकंही घट्ट करू नका. एकच शब्द तक्रारीलाही आणि सूचनेलाही. घरी मराठीत चाल म्हणजे माणसाची, बुद्धिबळातली, गाण्याची. आम्हा रायपूरच्या मराठी लोकांचं असं बरंच होतं, शब्द तोच, दुकानात एक अर्थ आणि स्वयंपाकघरात दुसरा.

दुसऱ्यांदा बुश गनमेटलचा केला, आतून ग्रीसची खाच पाडून, बाहेरून ग्रीस निप्पल लावून. पण खरी दुरुस्ती बुशाची नव्हतीच. पिनेवर पोलादी नळी घातली, बाही म्हणा, आणि ती बुशापेक्षा अर्धा मिलिमीटर लांब ठेवली. मग नट कितीही आवळा, तो नळीवर आवळला जातो. फ्लोटचा कान त्या अर्ध्या मिलिमीटरात मोकळा राहतो. पहिल्या वेळी नट थेट कानावर बसत होता. मी जितकं पक्कं करत होतो तितकं फ्लोटला करकचून धरत होतो. आणि नळीभोवती बुशाला पाव मिलिमीटरची फट ठेवली, हाताला चक्क जाणवणारी. फ्लोट हलवला की टक् आवाज यायचा. त्या आवाजासकट यंत्र परत दिलं.

त्यानंतर चार दिवसांनी हरेली होती. पंचांगाचा हा एक गमतीचा भाग: इकडचं सावन पौर्णिमेनंतर सुरू होतं, म्हणून त्यांची सावन अमावस्या ती आपली आषाढ अमावस्या. आमच्या घरी त्या दिवशी दिवे घासतात, गावात नांगर-कुदळी धुऊन पूजा करतात आणि शेतात काम करत नाहीत. दाऊजींनी बोलावलं म्हणून गेलो. अंगणात नांगर, कोपर, फावडी ओळीने मांडलेली, शेवटी ते यंत्र, धुऊन काढलेलं. बायकोने गुळाच्या चील्याचा नैवेद्य दाखवला आणि सगळ्यांना टिळा लावत आली. यंत्राला कुठे लावावा हे तिला कळेना. इंजिनावर लावला. मग थोडी वाकून मधल्या फ्लोटलाही लावला. तो टक् वाजला.

तर भाच्याला मी रात्री दीड वाजता लिहिलं: पक्कं करू नकोस. तो लगेच फोनवर आला, तिकडे दुपार. म्हणाला, इथे लोक रबर काढून टाकतात, घट्ट प्लास्टिकचा बुश बसवतात, तयार किट मिळतो. मी म्हटलं, किट आण, पण आधी तीन गोष्टी बघ. रबर दबून सपाट झालं असेल तर नवं रबर घाल, काढू नकोस; निम्मी थरथर त्यानेच जाईल. बोल्टावर नळी आहे का बघ, आणि ती बुशापेक्षा किंचित लांब आहे का. नसेल तर मी कातून पाठवतो. आणि भोक मोजशील ते कुठे उभा राहून?

"गॅरेजमध्ये. हीटर आहे."

"तिथे मोजू नकोस."

प्लास्टिक थंडीत पोलादापेक्षा कितीतरी जास्त आकसतं. आमच्याकडे पाण्याने बुश आतल्या बाजूला फुगला, त्याच्याकडे थंडीने आकसून नळीलाच येऊन चिकटेल. कारण उलट, पकड तीच. गाडी बाहेर काढ, रात्रभर उभी ठेव आणि सकाळी मोज, म्हटलं. तो हसला. "मामा, बाहेर उणे सत्तावीस आहे." मी म्हटलं, गाडी त्याच हवेत चालवतोस ना?

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. डिजिटल कॅलिपर बाहेर नेला, दोन मिनिटांत काचेवरचे आकडे विझले. गाडीपाशी उभं राहून आता काय करू, असं विचारत होता.

वडिलांचा व्हर्नियर माझ्या खणात असतो, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. बॅटरी नाही, काच नाही, फक्त पोलाद आणि रेघा. सहाच्या आकड्याजवळ थोडा गंज. फडकं बदललं, डब्यात घातला आणि कुरियरवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, आत काय आहे, किंमत किती लिहू. मी म्हटलं, आधी वजन कर.